गावाकडच्या जुन्या मातीच्या घरात नवे स्वयंपाकघर बसवताना

काटोल, सावनेर, उमरेड, कुही, मौदा या बाजूला वडिलोपार्जित घर आहे, सध्या मुक्काम नागपुरात किंवा त्याहून लांब आहे, आणि आता ते घर राहण्याजोगे करायचे आहे, अशांसाठी हा लेख आहे. बहुतेक लोक काम उलट्या टोकाने धरतात. आधी शहरातल्या दुकानात जाऊन किचन पसंत करतात, अॅडव्हान्स देतात आणि मग घराकडे वळतात. कारखान्यातली ट्रॉली मिलिमीटरवर कापलेली असते आणि मातीची भिंत दहा फुटांत दोन इंच सहज वाकलेली असते. म्हणून क्रम असा ठेवा: कागद, छप्पर, ओल, भिंत, पाणी, वीज, फरशी, ओटा, आणि सगळ्यात शेवटी ट्रॉल्या.

खालची सगळी मापे १० बाय १२ फुटांच्या खोलीसाठी आणि १० फूट व ६ फूट बाजूंच्या एल आकाराच्या ओट्यासाठी धरली आहेत. तुमची खोली वेगळी असेल तर त्या प्रमाणात कमीजास्त करा.

१. आधी कागद

जवळ ठेवायचे कागद:

- ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा
- चालू वर्षाची घरपट्टी आणि पाणीपट्टीची पावती
- गावठाणातले घर असेल तर मिळकत पत्रिका (स्वामित्व योजनेत गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर ती तयार असते)
- विजेचे शेवटचे बिल
- घर सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांचे लेखी संमतीपत्र

शेवटचा कागद लोक संकोचापोटी टाळतात. नमुना ८ वर आजोबांचे किंवा तीन भावांचे नाव असते, काम अर्ध्यावर येते आणि मग चुलत्यांकडून विचारणा होते. पाहुणे जमतात तेव्हाच विषय काढा आणि साध्या कागदावर सह्या घ्या.

फरशी, प्लास्टर, शाकारणी, रंग या साध्या दुरुस्त्या आहेत. खोली वाढवायची, भिंत सरकवायची किंवा स्लॅब टाकायचा असेल तर परवानगी लागते. नागपूर शहराभोवतालची बरीच गावे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतात. तिथे नुसत्या सरपंचाच्या होकारावर बांधकाम वाढवू नका. आपले गाव कोणाच्या हद्दीत आहे ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारून घ्या.

२. हंगाम पाहून काम धरा

सर्वांत चांगला काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. त्यात अडचण एकच, याच वेळी कापूस वेचणी चालू असते आणि गावात मजूर मिळत नाहीत. मिस्त्री नागपूरहून आणि मदतनीस गावातून असा बेत असेल तर मदतनिसांची बोली आधीच करून ठेवा. शिवनी, छिंदवाडा, बालाघाटकडचे मजूर असतील तर ते होळीला गावी जातात, हे धरूनच तारखा ठरवा.

एप्रिल-मे टाळता आला तर टाळा. पारा ४५ च्या घरात गेला की प्लास्टरमधले पाणी सिमेंट पकडायच्या आत उडते आणि भिंतीवर जाळीसारख्या भेगा पडतात. करावेच लागले तर प्लास्टर दुपारी चारनंतर, त्यावर ओले पोते आणि दिवसातून तीनदा पाणी. छपराचे काम मात्र मृग लागायच्या आत संपलेच पाहिजे.

३. घराची तपासणी

लागणारे सामान: पेचकस, टॉर्च, ओळंबा, पाणपातळीची पारदर्शक नळी, टेप, एक फूट प्लास्टिक आणि चिकटपट्टी.

- तुळया, वासे, खांब: पेचकस टोचून पाहा. बोथट आवाज आला किंवा टोक सहज आत गेले तर आत वाळवीने पोखरले आहे. भिंतीत शिरलेली टोके आधी पाहा, किडीची सुरुवात तिथून होते.
- भिंत: ओळंबा सोडा. सहा फुटांत इंचभर कलली असेल तर चालते. भिंत पोटातून फुगलेली दिसली तर मात्र मिस्त्रीला हात लावू देऊ नका, आधी इंजिनीअरला दाखवा.
- ओल: भिंतीवर जमिनीपासून फूटभर उंचीवर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा.
- भेगा: काळ्या मातीवरचे घर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हलते. भेगेवर पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. महिन्याभरात रेघेचे दोन तुकडे सरकले तर पाया अजून हलतो आहे. अशा भिंतीवर टाइल्सचा खर्च करू नका.

४. छप्पर

कवेलूखालच्या स्वयंपाकघरात वरून सतत धूळ आणि काजळी पडते, माकडे कवेलू फोडतात ते वेगळेच. शाकारणी करून घ्या, कुजलेले वासे बदला आणि खाली छत लावा. जिप्समचे छत लावू नका. एक गळती झाली की ते फुगून खाली येते, आणि उंदीर त्यात घर करतात. ८ मिमीचा फायबर सिमेंट बोर्ड लोखंडी पट्ट्यांवर लावा. बोर्ड आणि कवेलू यांच्यामध्ये निदान फूटभर मोकळी जागा ठेवा आणि दोन्ही टोकांना जाळीच्या खिडक्या द्या. हवा खेळली नाही तर मे महिन्यात तो बोर्डच तापून खाली ऊन फेकतो.

टिनपत्रा टाकायचाच असेल तर इन्सुलेशनचा पफ पॅनल घ्या. नुसत्या पत्र्याखाली नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी कोणी पोळ्या लाटणार नाही.

५. ओल आणि जमीन

शेणाने सारवलेल्या जमिनीवर थेट टाइल बसवणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. पहिल्या पावसाळ्यात टाइल पोकळ वाजते, दुसऱ्यात उचलते.

जमीन एक ते दीड फूट खणा. काळी माती निघाली तर सगळी बाहेर काढा, तीच परत भरू नका, ती पाणी प्यायली की फुगते. त्याजागी मुरूम भरा, ६ इंचांचे थर करून प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस करा. त्यावर ३ ते ४ इंच काँक्रीट, १:४:८ मिश्रणाचे (सिमेंट, रेती, गिट्टी). काँक्रीटखाली २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरा, जोडावर ६ इंच चढ आणि कडा भिंतीवर फूटभर वर. हा कागद मिस्त्री लोक अनावश्यक समजतात. स्वतः उभे राहून अंथरून घ्या.

वाळवीचे औषध याच टप्प्यात. फरशी झाल्यावर करायचे तर फरशीला भोके पाडावी लागतात. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असलेले द्रावण लिटरला २.१ मिली या प्रमाणात वापरतात. मुरमाच्या वरच्या थरावर आणि भिंतीच्या बुडाशी चारी बाजूंनी फवारा. विहीर किंवा बोर जवळ असेल तर काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या.

बाहेरून भिंतीलगत तीन फूट रुंद पट्टा मुरूम आणि काँक्रीटचा करा, उतार भिंतीपासून बाहेर. पावसाचे पाणी भिंतीच्या बुडाशी साचत राहिले तर आतले सगळे काम वाया जाते.

६. भिंत: इथे घाई नको

मातीच्या भिंतीवर सिमेंटचे प्लास्टर धरत नाही. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंट तिला सोडू देत नाही. दोन-तीन वर्षांत प्लास्टरचा पापुद्रा मातीसकट सुटतो. तिथे टाइल लावणे तर दूरच. आणि मातीत प्लग धरत नाही, त्यामुळे लटकती कपाटे शक्यच नाहीत.

उपाय: ओट्याच्या दोन्ही बाजूंना मातीच्या भिंतीच्या आतून ४ इंची विटांची स्वतंत्र भिंत उभी करा. दोहोंमध्ये इंचभर फट ठेवा. फटीत मसाला पडू देऊ नका, नाहीतर ओल पुलावरून यावी तशी आत येते. या भिंतीला स्वतःचा पाया हवा, फरशीखाली दीड फूट, घट्ट मुरमावर. फरशीच्या पातळीला भिंतीच्या पूर्ण जाडीवर ओलरोधक थर द्या, नाहीतर नवी भिंतही जमिनीतली ओल वर चढवेल. दर तीन फुटांवर २ इंच जाड काँक्रीटचा पट्टा आणि त्यात ६ मिमीच्या दोन सळ्या.

हिशेब: १६ फूट लांबी, फरशीच्या वर ५ फूट आणि खाली दीड फूट मिळून १०४ चौरस फूट. मोडतोड धरून ५०० विटा, जोडाईला ३ गोण्या सिमेंट, मिश्रण १:४. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेमुळे नागपूरकडे राखेच्या विटा सहज मिळतात. त्या मापाला सारख्या असतात, त्यामुळे भिंत सरळ येते आणि पुढे सुताराचे काम सोपे होते. रेती चाळून घ्या. ओंजळभर रेती ग्लासभर पाण्यात ढवळून ठेवा, तासाभराने वर गाळाचा जाड थर दिसला तर गाडी परत करा.

खोलीच्या उरलेल्या मातीच्या भिंतींना चुन्याचे किंवा मातीचेच लिंपण द्या, त्यावर चुना. ऑइल पेंट लावू नका.

नव्या भिंतीवर सात ते दहा दिवस पाणी मारा, मग निदान तीन आठवडे वाळू द्या. वाळण्याच्या या तीन आठवड्यांत खालची नळाची आणि विजेची कामे होतात, त्यामुळे दिवस वाया जात नाहीत.

७. पाणी आणि सांडपाणी

आत येणाऱ्या पाण्याचे काम सोपे आहे. टाकी निदान ५०० लिटरची, नळापेक्षा १० फूट उंच. दर १० फुटांना सुमारे ०.३ बार दाब मिळतो, एवढ्यावर नळ बरा चालतो, पण आरओला बूस्टर पंप लागतोच. मुख्य लाइन पाऊण इंच, नळाचा पॉइंट अर्धा इंच. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप. स्वयंपाकघराचा वेगळा बंद वॉल्व्ह हाताला येईल असा ठेवा. बोरच्या पाण्याने नळ पांढरे पडतात, म्हणून महागडे नळ घेऊ नका. ज्याचा स्पिंडल तालुक्याला मिळतो तोच घ्या. आरओ घेण्याआधी पाणी जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. विदर्भात काही गावांच्या बोरला फ्लोराइड निघते, आणि ते चवीला कळत नाही.

खरे अडते ते बाहेर जाणाऱ्या पाण्यात. सिंकचा पाइप २ इंची, उतार १० फुटाला ३ इंच. सिंकखाली बॉटल ट्रॅप, भिंतीबाहेर पडताच १ फूट बाय १ फूट चेंबर, त्यात तेल आणि अन्नकण अडवायला आडवी फळी. मग शोषखड्डा, ४ बाय ४ बाय ४ फूट. तळाशी मोठे दगड, वर लहान, सर्वांत वर गिट्टी. आता महत्त्वाचे: काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही. ती पावसाळ्यात पाणी शोषत नाही आणि खड्डा ऑक्टोबरपर्यंत तुडुंब राहतो. मुरूम लागेपर्यंत खोल जा. मुरूम फारच खोल असेल तर खड्ड्याचा नाद सोडा आणि पाणी परसबागेत केळी आणि अळूला द्या. विहीर किंवा बोरपासून अंतर ५० फूट.

पोळ्याला, लग्नाला निघणारी मोठी भांडी सिंकमध्ये मावत नाहीत. बाहेरची मोरी मोडू नका. नव्या किचनच्या उत्साहात ती हटवली जाते आणि पहिल्याच पंगतीला तिची आठवण येते.

८. वीज

जुन्या घरात अर्थिंग बहुधा नसतेच, किंवा नळाला तार गुंडाळलेली असते. आधी अर्थिंगचा खड्डा करा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंगचा संपर्क सुटतो, म्हणून त्यावर पाणी ओतायला नळीचे तोंड ठेवा आणि मार्च ते मे आठवड्यातून बादलीभर पाणी घाला.

भार मोजा: इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १२००, मिक्सर ७५०, फ्रिज आणि चिमणी मिळून ४००. बेरीज ४३५०. बिलावर मंजूर भार १ किलोवॅट असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा. सोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

- स्वयंपाकघराचे वेगळे सर्किट: १६ अँपिअरच्या सॉकेटना २.५ चौरस मिमी तांब्याची तार आणि २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारी कळ).
- ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ). ओला हात आणि ओटा एकत्र येतात तिथे हा खर्च वाचवू नका.
- ओट्यावरचे सॉकेट ओट्यापासून ८ इंच वर, शेगडी आणि सिंकपासून २ फूट लांब.
- फ्रिजला स्टॅबिलायझर. गावात रात्री दाब चढतो.
- मातीच्या भिंतीत झिरी पाडून तार पुरू नका, वरून कडक पीव्हीसी कंड्युट टाका. पातळ पट्टी उंदीर कुरतडतात.

प्लास्टर बंद व्हायच्या आत प्रत्येक पाइपचा आणि तारेचा मापाचा टेप लावून फोटो घ्या. पुण्याहून किंवा परदेशातून फोनवर काम पाहणाऱ्यांनी हा फोटो आल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नये.

९. गॅस, धूर, हवा

सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीवर पसरतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला बुडाशी भोके आणि खोलीला जमिनीलगत एक जाळीचा झरोका हवा. रबरी नळी आयएसआय छापाची, दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, पाच वर्षांनी बदला.

चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंच वर. पाइप ६ इंच व्यासाचा, १० फुटांपेक्षा कमी लांब, दोनपेक्षा जास्त वळणे नकोत. बाहेरच्या तोंडाला झडपेची टोपी बसवा, जाळी तेलकट होऊन बंद पडते. वरण-भाताच्या घराला ९ इंची एक्झॉस्ट पंखा पुरतो. सावजी बेताचे चाहते असाल तर चिमणी घ्या.

कूलरची हवा शेगडीवर येणार नाही अशी शेगडी ठेवा, खिडकीखाली तर नकोच. घरातले कोणी आग्नेय दिशा धरून बसतील. ती जागा कूलरच्या वाऱ्यात येत नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही.

१०. ओटा

जी व्यक्ती रोज स्वयंपाक करणार तिचे माप घ्या. कोपर वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजा, त्यातून ५ इंच वजा करा. बहुतेक घरांत ३२ ते ३३ इंच येते. शोरूमची ३४ इंची उंची घेऊन वर शेगडी ठेवली की कढई खांद्याजवळ येते. ओट्याची पुढून मागेपर्यंतची रुंदी २४ इंच.

उभे आधार दुहेरी पॉलिश कडप्प्याचे, तीन फुटांपेक्षा जास्त अंतर नको. त्यावर कडप्प्याचा पाया आणि वर १८ मिमी ग्रॅनाइट. ओट्याचे क्षेत्रफळ २८ चौरस फूट, पण कडेच्या पट्ट्या आणि खिडकीचा उंबरा धरून ३५ चौरस फूट घ्या. सिंकचे भोक वजा होत नाही. मार्बल नको, लिंबू आणि हळदीने डाग पडतात. पुढच्या कडेखाली पाणी अडवणारी खाच मारायला सांगा, नाहीतर पाणी ओघळून ट्रॉल्यांच्या दारांवर येते.

ग्रॅनाइट गाडीत उभेच न्यायचे, आडवे नेले तर गावच्या रस्त्यावर मध्येच तडकते. शेगडीमागच्या टाइल्सचे जोड इपॉक्सीने भरा. टाइल्स ४५ चौरस फूट, सगळ्या एकाच लॉटच्या, त्यातल्या चार टाइल्स पुढे फुटल्या तर बदलायला बाजूला ठेवा.

जमिनीवर बसून विळी किंवा पाटा-वरवंटा वापरणारे कोणी घरात असेल तर ४ बाय ४ फुटांचा कोपरा मोकळा सोडा.

११. ट्रॉल्या: मापे आता घ्या

टाइल्स आणि फरशी झाल्यावर सुताराला बोलवा. प्रत्येक कप्प्याचे माप वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी घ्या आणि सर्वांत लहान माप धरा. सांगाड्यावर खर्च करण्याची गरज नाही, कडप्प्याचे कप्पे हाच सांगाडा. त्यात स्टीलच्या ट्रॉल्या आणि पुढे दारे, एवढेच पुरे. वाळवीला खायला काही राहत नाही आणि फरशी बिनधास्त धुता येते.

ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या. २०२ ग्रेड स्वस्त असतो आणि गंजतो. दारांना आयएस ७१० चा (पाण्यात टिकणारा) प्लाय. छापावर विश्वास ठेवण्यापेक्षा ४ इंचांचा तुकडा मागून घरी आठ तास उकळा, थर सुटले तर माल परत. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पहिल्या पावसाळ्यात फुगतात. घरात जुनी सागवानी दारे पडून असतील तर तीच नागपुरात लकडगंजच्या लाकूडबाजारात कापून घ्या, पण आधी सगळे खिळे काढा, नाहीतर आरा मोडल्याचे पैसे तुमच्याकडून घेतील.

लटकती कपाटे नकोत. त्याऐवजी एका टोकाला जमिनीवर उभी राहणारी सात फुटी आलमारी करा. धान्याच्या कोठ्या, पापड-कुरडयांचे डबे सगळे तिच्यात मावते.

१२. पैसे आणि ताबा

भाव विचारताना मजुरी, सामान आणि गाडीभाडे वेगळे लिहून घ्या. "किचन रनिंग फूट एवढे" हा भाव धरू नका, त्यात काय येते ते कोणी सांगत नाही. हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधा: भिंत आणि सांडपाणी, फरशी आणि ओटा, ट्रॉल्या. शेवटचे १० टक्के एक जोराचा पाऊस पडून जाईपर्यंत रोखून ठेवा आणि हे कामाआधीच कागदावर लिहा.

ताबा घेताना:

- सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा, खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरून थेंब पाहा.
- गॅसच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावा.
- आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबा, वीज गेलीच पाहिजे.
- प्रत्येक ट्रॉलीत ताटे-वाट्या भरून उघडझाप करा, रिकामी ट्रॉली नेहमीच गुळगुळीत चालते.
- फरशीवर बादलीभर पाणी ओता आणि ते मोरीकडे जाते की ओट्याखाली साचते ते पाहा.
- नळ, शेगडी, चिमणी यांची बिले आणि वॉरंटी कार्डे मिस्त्री निघून जायच्या आत हातात घ्या.